‘आफ्टर टू डेज ही लेफ्ट’: ‘दोन दिवस’, ‘च’ आणि ‘ही’ इंग्लिशमध्ये नेमके कुठे बसवायचे

ही तक्रार कायमची आहे. इंग्लिश चांगलं येतं, काळ बरोबर असतात, स्पेलिंग बरोबर असतं, आणि तरी आफ्टर, बिफोर, इफ, बिकॉज यांच्या आजूबाजूला एखादा छोटा शब्द आला की वाक्य घसरतं. सुधारून दिलं की पटतं, आणि पुढच्या मेलमध्ये परत तेच. याचं कारण व्याकरण कच्चं आहे हे नसतं. मराठीत हे छोटे शब्द जिथे बसतात तिथेच आपण ते इंग्लिशमध्ये बसवतो आणि ती जागा चुकीची असते, बस्स एवढंच.

आधी सगळ्यात नुकसान करणारी केस घेऊ. समजा तुम्ही ऑनलाइन फोन मागवला, पार्सल आलं, आणि मग तीन दिवसांनी स्क्रीन बंद पडली, आणि तुम्ही कंपनीला लिहिलंत, ‘आफ्टर थ्री डेज आय रिसीव्ड द पार्सल, द स्क्रीन स्टॉप्ड वर्किंग.’ तुमच्या डोक्यात मराठी वाक्य आहे ‘पार्सल मिळाल्यानंतर तीन दिवसांनी’, पण समोरचा वाचणार ‘तीन दिवसांनी मला पार्सल मिळालं’, म्हणजे डिलिव्हरीला तीन दिवस लागले असा अर्थ, आणि स्क्रीन कधी गेली ते वाक्यात कुठेच नाही. रिप्लेसमेंटची मुदत पार्सल मिळालेल्या तारखेपासून मोजतात, त्यामुळे ही नुसती शैलीची चूक राहत नाही. बरोबर वाक्य असं: ‘थ्री डेज आफ्टर आय रिसीव्ड द पार्सल, द स्क्रीन स्टॉप्ड वर्किंग.’ शब्द तेच आहेत, फक्त ‘थ्री डेज’ने ‘आफ्टर’च्या डावीकडे उडी मारली.

आता ही गडबड होते कशामुळे ते बघा. मराठीत ‘नंतर’ हे शब्दयोगी अव्यय, ते शब्दाच्या शेपटाला लागतं: गेल्यानंतर, मिळाल्यानंतर. मग उरलेलं माप, म्हणजे तीन दिवस, दोन तास, ते त्याच्याही मागून येतं, ‘गेल्यानंतर दोन दिवसांनी’. हाच क्रम डोक्यात धरून इंग्लिश लिहिलं की आधी ‘आफ्टर’ येतो आणि मग ‘टू डेज’. गंमत म्हणजे ‘आधी’च्या बाबतीत मराठी आणि इंग्लिश जवळजवळ सारखे चालतात, ‘तो यायच्या दोन तास आधी’ आणि ‘टू आवर्स बिफोर ही केम’, दोन्हीकडे माप आधी आणि मग ‘आधी’ किंवा ‘बिफोर’. पण तिथे आपण दुसऱ्या खड्ड्यात पडतो, कारण आपल्याकडे ‘दोन दिवसांपूर्वी’ असंही आहे, आणि त्याचं सरळ ‘बिफोर टू डेज’ होतं. ‘दोन दिवसांपूर्वी भेटलो’ला ‘वी मेट टू डेज अगो’. ‘बिफोर टू डेज’ जवळजवळ कधीच लागत नाही, लिहिताना दिसलं की थांबायचं.

तपासायची सोपी युक्ती आहे. वाक्याच्या जागी एक नाम टाकून बघा. ‘लग्नानंतर दोन दिवसांनी’ला तुम्ही काय म्हणाल? ‘टू डेज आफ्टर द वेडिंग.’ हे बहुतेकांना बरोबर येतं, कारण ऐकून ऐकून सवय झालेली असते. आता ‘द वेडिंग’ काढा आणि त्या जागी पूर्ण वाक्य ठेवा, ‘टू डेज आफ्टर दे गॉट मॅरीड.’ डावीकडचं काहीही हललं नाही. शाळेत आपल्याला शिकवतात की पहिल्या वाक्यातला ‘आफ्टर’ प्रेपोझिशन आणि दुसऱ्यातला कंजंक्शन, दोन वेगळ्या जाती, आणि तिथूनच गोंधळ सुरू होतो. ओटो येस्पर्सन या डॅनिश अभ्यासकाने 1924 मध्येच म्हटलं होतं की हा एकच शब्द आहे, मागून कधी नाम येतं कधी वाक्य, जसं एकाच क्रियापदाला कधी कर्म असतं कधी नसतं. 2002 मध्ये आलेल्या केंब्रिजच्या जाडजूड इंग्लिश व्याकरणातही हडलस्टन आणि पुलम यांनी ‘आफ्टर’, ‘बिफोर’, ‘सिन्स’ यांना प्रेपोझिशनमध्येच धरलंय. परीक्षेत मात्र कंजंक्शनच लिहा, मार्क जायला नकोत. पण स्वतःचं वाक्य तपासताना नाम टाकून बघायची युक्ती वापरा, ती फसत नाही.

मापाबरोबर अजून एखादा शब्द आला तरी क्रम ठरलेला आहे. आधी जोर देणारा शब्द, मग माप, मग कंजंक्शन: ‘ओन्ली टू डेज आफ्टर ही लेफ्ट’, ‘ऑलमोस्ट अ इयर बिफोर शी जॉइन्ड’, ‘बेअरली अ वीक आफ्टर द रिझल्ट केम’. माप आकड्यातच हवं असं नाही, ‘लाँग बिफोर’, ‘शॉर्टली आफ्टर’, ‘जस्ट बिफोर’, ‘राइट आफ्टर’ हे सगळे त्याच जागेवर बसतात. इथे एक बारीक गोष्ट, ‘सून आफ्टर’ चालतं पण ‘सून बिफोर’ कानाला खटकतं, तिथे ‘शॉर्टली बिफोर’ नाहीतर ‘जस्ट बिफोर’. आणि ‘सिन्स’ला ‘एव्हर’ हा खास जोडीदार आहे, ‘एव्हर सिन्स ही लेफ्ट’, तो गेला तेव्हापासून आजपर्यंत सतत. ‘तो जाऊन दोन वर्षं झाली’साठी ‘इट्स बीन टू इयर्स सिन्स ही लेफ्ट’. ‘सिन्स टू इयर्स ही लेफ्ट’ हे वाक्य कुठल्याच अर्थाने उभं राहत नाही.

आता दुसरी केस, आणि माझ्या मते मूळ दुखणं इथेच आहे: मराठीतले जोर देणारे ‘च’ आणि ‘ही’.

‘बिल असेल तरच रिफंड मिळेल.’ याचं इंग्लिश दुकानाच्या पाटीपासून ऑफिसच्या मेलपर्यंत सगळीकडे असं दिसतं: ‘इफ यू हॅव बिल, देन ओन्ली यू विल गेट रिफंड.’ ‘तू सांगितलंस तेव्हाच कळलं’चं होतं ‘व्हेन यू टोल्ड, दॅट टाइम ओन्ली आय केम टू नो’. आपण एकमेकांत बोलताना हे चालून जातं, सगळ्यांना कळतं, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण बाहेरच्या माणसाला लिहिताना, आयईएल्टीएससारख्या परीक्षेत, किंवा अर्जात हे खटकतं, आणि दरवेळी एकेक वाक्य पाठ करून ते जात नाही, त्याचं मूळ बघावं लागतं.

मूळ असं की मराठीत जोड्या असतात. जर–तर, जेव्हा–तेव्हा, जरी–तरी, जोपर्यंत–तोपर्यंत. त्यातला पहिला शब्द तर आपण बोलताना खाऊनही टाकतो, ‘बिल असेल तर’ एवढंच म्हणतो, सगळा भार दुसऱ्यावर असतो. म्हणून जोर द्यायचा झाला की च किंवा ही त्या दुसऱ्यालाच चिकटतो: तरच, तेव्हाच, तरीही. इंग्लिशमध्ये नेमका हा दुसरा शब्दच बहुतेक वेळा नसतो. ‘इफ’ असतो, ‘तर’ नसला तरी चालतं. ‘व्हेन’ असतो, ‘तेव्हा’ नसतोच. मग बिचाऱ्या च ने बसायचं कुठे? तर उरलेल्या एकमेव शब्दाच्या, म्हणजे कंजंक्शनच्या पुढ्यात. तरच म्हणजे ‘ओन्ली इफ’, तेव्हाच म्हणजे ‘ओन्ली व्हेन’, नंतरच म्हणजे ‘ओन्ली आफ्टर’, म्हणूनच म्हणजे ‘ओन्ली बिकॉज’ किंवा ‘जस्ट बिकॉज’. आणि ‘ही’ असेल तर ‘इव्हन’. म्हणजे च मुख्य वाक्यातून उचलून दुसऱ्या वाक्याच्या तोंडाशी न्यायचा: ‘यू विल गेट अ रिफंड ओन्ली इफ यू हॅव द बिल.’ एकदा हे स्थलांतर डोक्यात बसलं की ‘देन ओन्ली’ आपोआप सुटतं.

याच कारणाने दुसरा एक जुना रोगही होतो, तो म्हणजे जोडीतला दुसरा शब्द इंग्लिशमध्ये जबरदस्तीने घुसवणं. ‘ऑल्दो ही वॉज टायर्ड, बट ही केम’, ‘बिकॉज इट वॉज रेनिंग, सो वी स्टेड होम’. तरी आणि म्हणून हे आपल्याला रिकामे सोडवत नाहीत. दोनातला एक काढा, कुठलाही काढा, वाक्य सुधारतं. जर–तरमधला ‘देन’ तेवढा इंग्लिशमध्ये चालतो.

‘ही’च्या बाबतीत अजून एक खरा तिढा आहे आणि तो जागेचा नाही, अर्थाचा आहे. ‘पाऊस पडला तरी मॅच होईल’ आणि ‘पाऊस पडला तरी मॅच झाली’. पहिला अर्धा भाग अक्षरशः एकच, ‘पाऊस पडला तरी’. पाऊस खरंच पडलाय की पुढे पडेल न पडेल हे आपण शेवटच्या क्रियापदावरून ओळखतो, होईल की झाली. इंग्लिश हे आधीच विचारून घेतं. पडेल न पडेल असं असेल तर ‘इव्हन इफ इट रेन्स’, आणि पडलाच असेल तर ‘इव्हन दो इट रेन्ड’. ‘इव्हन इफ आय वर्क्ड हार्ड, आय फेल्ड’ असं जेव्हा कोणी लिहितं तेव्हा वाचणाऱ्याला वाटतं की याने कष्ट केले होते की नव्हते? तपासायला मनात विचारायचं, झालंय का? झालं असेल तर दो, नसेल तर इफ. आणि ‘ऑल्दो’ला पुढे ‘इव्हन’ लावू नका, त्याला आजच्या इंग्लिशमध्ये सहसा पुढे कोणी चालत नाही, एकटाच फिरतो. ‘अनलेस’ही जवळपास तसाच.

‘ओन्ली इफ’ आणि ‘इफ ओन्ली’ यात अदलाबदल झाली तर अर्थच पालटतो. पहिला म्हणजे अट. दुसरा म्हणजे चुटपुट, ‘इफ ओन्ली आय हॅड बॉट इट लास्ट इयर’, गेल्या वर्षीच घेतलं असतं तर किती बरं झालं असतं. घराच्या किमतींबद्दल बोलताना हा फार उपयोगी पडतो.

एक गोष्ट मात्र सांभाळा. ‘ओन्ली’वालं वाक्य सुरुवातीला घेतलंत तर मुख्य वाक्यात क्रम उलटा होतो. ‘ओन्ली आफ्टर द बिल केम डिड वी अंडरस्टँड.’ ‘वी अंडरस्टुड’ नाही. ‘ओन्ली व्हेन’, ‘ओन्ली इफ’, ‘नॉट अंटिल’ सगळ्यांना हाच नियम. बारावीला ‘नो सूनर’ आणि ‘हार्डली’ची वाक्यं बदलून बदलून ज्यांनी घोटली आहेत त्यांना ही डिडची उडी ओळखीची वाटेल, जात तीच आहे. तिथली अजून एक आठवण, ‘नो सूनर’च्या मागे ‘दॅन’, ‘हार्डली’ आणि ‘स्कार्सली’च्या मागे ‘व्हेन’, यांची सरमिसळ करू नका. उडी नको असेल तर ‘ओन्ली’चा भाग शेवटी न्या, ‘वी अंडरस्टुड ओन्ली आफ्टर द बिल केम’, संपला प्रश्न. मी तरी मेलमध्ये हेच सुचवते, उलटा क्रम जरा भाषणासारखा वाटतो.

बिकॉजकडे जरा जास्त वेळ थांबू या, कारण हा शब्द पुढ्यात कोणालाही घेतो: ‘मेनली बिकॉज’, ‘पार्टली बिकॉज’, ‘सिम्पली बिकॉज’, ‘प्रिसाइसली बिकॉज’, ‘प्रॉबेबली बिकॉज’. पण कारण सांगणारे ‘सिन्स’ आणि ‘अ‍ॅज’ यांना हे अजिबात जमत नाही. ‘मेनली सिन्स इट वॉज लेट’ असं होत नाही, तिथे बिकॉजच पाहिजे. कारण ‘सिन्स’ आणि ‘अ‍ॅज’ समोरच्याला आधीच माहीत असलेलं कारण जाता जाता सांगतात, आणि जाता जाता सांगितलेल्या गोष्टीवर बोट ठेवून जोर कसा देणार. कोणी ‘व्हाय’ने विचारलं तर उत्तर बिकॉजनेच सुरू होतं, सिन्सने नाही, यावरूनही हे लक्षात येईल.

आणि ‘नॉट’. ‘आय डिडन्ट लीव्ह द जॉब बिकॉज द सॅलरी वॉज लो.’ हे वाक्य दोन्हीकडून वाचता येतं. एक, पगार कमी होता म्हणून नोकरी सोडली नाही, जे जरा विचित्र आहे. दोन, नोकरी सोडली, पण पगारामुळे नाही, दुसऱ्या कशामुळे. मराठीत ‘नाही’ कुठे ठेवता त्यावर हे लगेच वेगळं होतं, ‘पगार कमी म्हणून सोडली नाही’ म्हणताना आपण सुराने तरी सांगतोच, पण लिहिलेल्या इंग्लिशला सूर नसतो. उपाय तोच, नकार कंजंक्शनच्या पुढ्यात आणून ठेवा: ‘आय लेफ्ट द जॉब, नॉट बिकॉज द सॅलरी वॉज लो, बट बिकॉज द कम्यूट वॉज टू लाँग.’ इंटरव्ह्यूनंतरच्या मेलमध्ये असलं वाक्य दुहेरी राहिलं तर वाचणारा आपल्याला गैरसोयीचा अर्थच आधी घेतो.

आता नामांचा भाग. इंग्लिशमध्ये काही नामं चक्क कंजंक्शनचं काम करतात आणि आपण त्यांना विनाकारण सजवतो. ‘ज्या दिवशी तो आला त्या दिवशी’ला ‘ऑन द डे व्हेन ही केम, ऑन दॅट डे’ एवढं सगळं. नुसतं ‘द डे ही केम’ पुरतं. तसंच ‘द मोमेंट’, ‘द मिनिट’, ‘एव्हरी टाइम’, ‘द फर्स्ट टाइम’, ‘नेक्स्ट टाइम’. ‘द मोमेंट आय सॉ द मेसेज, आय कॉल्ड हर.’ पुढे ‘अ‍ॅट’ नको, बहुतेक वेळा मागे ‘व्हेन’ नको, आणि पुढच्या वाक्यात ‘दॅट टाइम’ तर नकोच नको. ‘जेव्हा जेव्हा’ची द्विरुक्तीही ‘एव्हरी टाइम’मध्ये आलीच. यांच्याही पुढ्यात ‘ऑलमोस्ट’ बसतो, ‘ऑलमोस्ट एव्हरी टाइम आय कॉल’, ‘ऑलमोस्ट द मोमेंट शी लेफ्ट’, म्हणजे बसायची जागा तीच. भविष्याचं बोलताना मात्र यांच्या वाक्यात ‘विल’ घालायचा नाही: ‘द मोमेंट ही कम्स, कॉल मी.’ ‘ही विल कम’ नाही. मराठीत ‘येईल तेव्हा’ असतं म्हणून हा ‘विल’ घुसतो, अगदी सराईत लोकांच्याही.

यातला सगळ्यात जास्त छळणारा म्हणजे ‘बाय द टाइम’. ‘तो येईपर्यंत गाडी गेली’ आणि ‘तो येईपर्यंत मी थांबलो’. मराठीत दोन्हीकडे ‘पर्यंत’, त्यामुळे लोक दोन्हीकडे ‘टिल’ टाकतात आणि ‘टिल ही केम, द ट्रेन लेफ्ट’ असं वाक्य तयार होतं, जणू तो येईस्तोवर गाडी सारखी सुटतच होती. बघायचं असं की मुख्य क्रिया त्या क्षणापर्यंत चालू होती का. थांबणं चालू होतं, म्हणून ‘आय वेटेड अंटिल ही केम’. सुटणं आधीच उरकलं होतं, म्हणून ‘बाय द टाइम ही केम, द ट्रेन हॅड लेफ्ट’. आणि ‘जोपर्यंत तो येत नाही तोपर्यंत थांब’ मधला ‘नाही’ इंग्लिशमध्ये गायब होतो, ‘वेट अंटिल ही कम्स’. ‘अंटिल ही डझन्ट कम’ लिहिलं की सांगितलंत भलतंच. हा ‘नाही’ हिंदीवाल्यांनाही तसाच चकवतो.

उलटी चूकही होते, म्हणजे जिथे नामच हवं तिथे वाक्य घुसवणं: ‘बिकॉज ऑफ ही वॉज इल’, ‘डिस्पाइट ही वॉज इल’, ‘ड्युरिंग आय वॉज इन पुणे’. ‘बिकॉज ऑफ’, ‘डिस्पाइट’, ‘ड्युरिंग’ यांना मागे नाम लागतं, वाक्य पचत नाही. ‘बिकॉज ऑफ हिज इलनेस’, ‘डिस्पाइट हिज इलनेस’, आणि ड्युरिंगच्या जागी सरळ ‘व्हाइल आय वॉज इन पुणे’. वाक्य ठेवायचंच असेल तर मध्ये ‘द फॅक्ट दॅट’ घाला, ‘डिस्पाइट द फॅक्ट दॅट ही वॉज इल’, पण ते सरकारी पत्रासारखं लांबतं, ‘ऑल्दो’ने तेच काम तीन शब्द वाचवून होतं. आणि ‘डिस्पाइट ऑफ’ असा शब्द नाहीये, ‘इन स्पाइट ऑफ’ आहे.

ब्रिटिश लिखाण वाचताना ‘इमिजिएटली शी सॉ मी, शी वेव्ह्ड’ असं दिसलं तर छपाईची चूक समजू नका. तिकडे ‘इमिजिएटली’ हे क्रियाविशेषण एकटंच ‘अ‍ॅज सून अ‍ॅज’चं काम करतं, जुन्या पुस्तकांत ‘डायरेक्टली’ही तसंच येतं. अमेरिकन वाचणाऱ्याला ते चुकल्यासारखं वाटतं, त्यामुळे स्वतः लिहिताना वापरू नका, नुसतं ओळखता आलं की झालं.